काबानेलची ‘व्हीनसचा जन्म’: नुसती गोड, की खरंच मोठी?

रेघोट्या: पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आलेक्सांद्र काबानेलचं हे चित्र पाहिलं, तेव्हापासून चीड येतेय. १८६३च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ते गाजलं, फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतलं. त्याच साली फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचं ‘गवतावरची न्याहारी’ परीक्षकांनी नाकारलं. नग्न बाई दोन्हीकडे आहे, पण एकीला देवी म्हटलं म्हणून ती चालली. आणि ही कसली देवी? ग्रीक कवी हेसिअडच्या कथेत क्रोनस बापाचं, युरेनसचं, लिंग कापून समुद्रात फेकतो. त्याभोवती फेस जमतो आणि त्यातून ॲफ्रोडाइटी, म्हणजेच रोमनांची व्हीनस, जन्मते. अंगावर काटा आणणारी ही जन्मकथा! काबानेलने त्यातलं काय ठेवलं? गुलाबी अंग, निळं पाणी आणि वर उडणारी पाच बाळं. लाटसुद्धा गादीसारखी.

ओला कॅनव्हास: अजिबात पटलं नाही. व्हीनसचा जन्म इटलीच्या बोत्तिचेल्लीनेही रंगवला, कथेतलं क्रौर्य त्यानेही दाखवलं नाही, त्याला कोणी जाब विचारत नाही. सव्वादोन मीटर रुंद चित्र आहे आणि अंगावर कुंचल्याचा फटकारा सापडत नाही. उजेड संपून सावली कुठे सुरू होते, तिथे बोट ठेवता येत नाही. मी तैलरंगात काम करतो, एक खांदा असा उतरवताना आठवडे जातात. शिवाय डोळे बघा. हाताच्या सावलीत ते किंचित उघडे आहेत. ती जागी आहे.

रेघोट्या: जागी आहे, पण आपल्याला काही विचारत नाही. मानेची ‘ऑलिंपिया’ही १८६३चीच, लोकांपुढे आली १८६५ला. ती थेट बघते आणि नजर आपल्याला वळवावी लागते. लेखक एमिल झोलाला काबानेलची व्हीनस बदामाच्या गुलाबी-पांढऱ्या मिठाईची वाटली होती. मलाही तसंच वाटलं.

माजघर: थोडं वेगळं सांगते. आमच्या आजीच्या देवघरात रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. तीही युरोपीय वळणाचीच, तशीच गुळगुळीत. पण आजी रोज तिच्यापुढे दिवा लावायची, म्हणून त्या गोडव्याला वजन होतं. १८६३च्या पॅरिसमध्ये व्हीनसला हात जोडणारं कोण होतं? देवी नावापुरती उरली की मागे फक्त अंग राहतं. माझी अडचण रंगकामाशी नाही, तिथे आहे.

ओला कॅनव्हास: माजघर, हे मनाला लागलं. लाटेबद्दलही रेघोट्यांचं बरोबर आहे; व्हीनसच्या भाराने पाणी कुठेच दबलेलं नाही. डोळ्यांबद्दल मात्र मी हटणार नाही.