पोरांना घेऊन सायकलवर रणभूमी बघायचीये, प्रतापगड की मावळ?

घोडबंदरकरीण
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही कासारवडवलीला राहतो, नवरा रविवारी पहाटे येऊरला सायकल दामटत असतो आणि आता त्याने मुलांनाही नादाला लावलंय. लेक सातवीत, मुलगा चौथीत. चौथीत म्हणजे काय ते कळलं असेलच, वर्षभर इतिहासाचं पुस्तक घेऊन नाचतोय, घरात एक झाडू धड राहिलेला नाही, सगळ्यांच्या तलवारी झाल्यात. त्याचं एकच म्हणणं, प्रतापगडला सायकलने जायचं. नवऱ्याचं म्हणणं, माउंटन बाइक घेतल्यात तर डांबरावर कशाला, कच्चा रस्ता पाहिजे. सोबत सासरे आहेत, रिटायर्ड शिक्षक, गाडी तेच चालवणार आणि इतिहासही तेच सांगणार (थांबवायची कोणाची टाप नाही). नाताळच्या सुट्टीत दोन-तीन दिवस काढू शकतो. वाई-महाबळेश्वर-प्रतापगड करावं की जवळपास काही आहे? मला चढ झेपत नाही हे आधीच सांगून ठेवते, सगळ्यात हलका गियर टाकूनही.

येऊरवेडा
ताई, प्रतापगड जरूर करा पण गाडीने करा. वाई सोडली की पसरणी घाट, मग पाचगणी, महाबळेश्वर, आणि तिथून आंबेनळी घाट उतरायचा. नाताळात तिथे गाड्यांची जत्रा असते, वळणावर समोरून एसटी आली की मोठ्या माणसाची गाळण उडते, चौथीतल्या पोराचं काय होईल. अफझलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने प्रतापगडाखालच्या पार गावाला उतरला तेव्हा त्याच्या फौजेचेही हालच झाले होते, आणि महाराजांना तेच तर हवं होतं, खान जावळीच्या जंगलात येऊदे. १० नोव्हेंबर १६५९ चं पुढचं तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

बखरवाचक
+१. मावळात जा. ठाण्याहून जवळ, आणि लढाई म्हणाल तर तिथे पावलापावलावर आहे. लोक कार्ल्याला एकवीरा आईचं दर्शन घेतात, लोणावळ्याला चिक्की घेतात आणि परत फिरतात, पण १७७९ च्या जानेवारीत याच पट्ट्यात इंग्रजांची जिरवली होती हे किती जणांना माहीत असतं. रघुनाथरावाला पेशवाईवर बसवायला मुंबईहून फौज निघाली, पनवेल, बोरघाट, खंडाळा असं करत कार्ल्याला आली. सोबत बैलच म्हणे १९ हजार. खंडाळ्याहून कार्ल्याला पोचायला त्यांना दहा-अकरा दिवस लागले, तुमचा चौथीतला तेवढं अंतर एका सकाळीत मारेल! कार्ल्याला ४ जानेवारीला कॅप्टन स्टुअर्ट पडला, आपल्या लोकांनी त्याला इष्टुर फाकडा नाव ठेवलं, शत्रू असून कौतुक केलं. पुढे तळेगावला पोचले तर गाव जाळून रिकामं केलेलं, दाणागोटा काही नाही. तोफा तिथल्या तळ्यात टाकून रात्री मागे फिरले आणि वडगावला महादजी शिंद्यांनी घेरलं. १६ जानेवारीला तह. सासऱ्यांना हे सगळं माहीत असणारच, त्यांना आधीच सांगून ठेवा की प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटंच :)

खारघरचा_बाप्या
बखरवाचक यांनी १७७९ सांगितलं ते बरोबरच, पण मुलाला महाराज पाहिजेत ना, पेशवाईत त्याला काय रस. त्याला उंबरखिंडीत न्या. फेब्रुवारी १६६१, शाहिस्तेखानाने कारतलबखान या मुघल सरदाराला कोकणात पाठवलं, म्हणजे कल्याण, पनवेल, आपल्याच दारात येत होता. सोबत रायबाघन, मुघलांकडची माहूरची सरदारीण. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यावरून घाट उतरायचा म्हणून निघाले, वाट इतकी अरुंद की फौज एकामागे एक, वर जंगल, खाली जंगल, पाणी नाही, आणि मावळे दोन्ही तोंडांना दबा धरून. हजारोंची फौज पण लढायला जागाच नाही. शेवटी रायबाघनच्या सल्ल्याने खानाने शरण येऊन सामानसुमान टाकलं आणि महाराजांनी जाऊ दिलं.

आता सायकलचं सांगतो, कारण ही लढाई कळते ती जागा बघूनच. वरून एक दिवस आणि खालून एक दिवस, असं करा. वरून म्हणजे लोणावळ्याहून कुरवंडे, सहा-सात किमी, चढउतार आहेत पण मुलांना जमतील असे. नागफणीच्या बाजूला सायकल उभी करून पायी जा. तिथे कड्याच्या टोकापासून खाली कोकणात बघितलं की सुमारे पाचशे मीटर खोल दरी दिसते, मुलगा आपोआप गप्प होईल. घाट सायकलवर उतरायचा विचारही नको, ती ट्रेकची वाट आहे, दगड सुटतात. दुसऱ्या दिवशी गाडीने खोपोली, मग पाली रस्ता, आणि चावणीच्या फाट्याला आत. शेवटचे काही किमी सायकल काढा, छोटा रस्ता, शेतं, कालच्या कड्याखालून तुम्ही जाताय. चावणीच्या पुढे नदीलगत स्मारक आहे, २ फेब्रुवारीला तिथे विजयदिनाचा कार्यक्रम असतो. नवऱ्याला कच्चा रस्ता हवाय ना, तिथे मिळेल, खडी आणि धूळ पोटभर.

कामशेतची_माहेरवाशीण
सध्या ऐरोलीत असते पण माहेर तिकडचं म्हणून लिहिते. राहायला मळवली-कार्ल्याकडे बघा, लोणावळ्यात नको, नाताळात तिथे गाडी पार्क करायलाही जागा मिळत नाही. जुन्या पुणे रस्त्यावर मुलांच्या सायकली बिलकुल घालू नका, ट्रक असतात (एक्सप्रेसवेवर सायकल चालतच नाही). मळवली स्टेशनवरून दक्षिणेकडे भाजे गावापर्यंत मस्त सोपा रस्ता आहे, वेळ सकाळची ठेवा. भाज्याची लेणी बघा, तिथे पायऱ्यांखाली सायकली लॉक करा. पुढे लोहगडचा घाट, तो खरंच खडा आहे, तुम्ही स्वतः म्हणालात तसं झेपणार नाही, सायकली गाडीवर टाकून वर लोहगडवाडीपर्यंत जा. मग पलीकडे पवनेच्या बाजूला उतरून धरणाकाठच्या रस्त्याने थोडी चालवा, तो रस्ता मला जगात सगळ्यात आवडतो (माहेर आहे, पक्षपात समजून घ्या).

येऊरवेडा
लोहगडावर सायकल नेऊन फोटो काढणारे दिसले आहेत तिथे, कृपया नका करू. गड संरक्षित आहे, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलाय, प्रतापगडही त्याच यादीत आहे, मुलाला सांगा दोघे एकाच यादीतले म्हणजे लोहगडही काही कमी नाही. वर पायीच जा, एकामागे एक चार दरवाजे ओलांडायचे, पोरं दमतात पण कंटाळत नाहीत.

घोडबंदरकरीण
अरे वा, एवढं सगळं! मुलाला उंबरखिंडीचं वाचून दाखवलं, त्याने लगेच विचारलं की आपण मावळे की मुघल, मी म्हटलं वरच्या बाजूने गेलो की मुघल, खालून गेलो की मावळे. पटलं त्याला बहुतेक. नाताळ टाळून जानेवारीच्या शनिवार-रविवारी जायचं ठरवतोय. एक विचारते, मुलाची सायकल चोवीस इंची आहे, उताराला तो ब्रेक दाबतच नाही, पाय खाली सोडतो. काय करू?

खारघरचा_बाप्या
बहुतेक लिव्हर बोटांना पुरत नसणार. ब्रेकच्या लिव्हरवर जिथे तो हँडलला बसतो तिथे एक बारीक स्क्रू असतो, बऱ्याच सायकलींना, ॲलन कीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो, लहान हाताला लगेच फरक पडतो. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर सराव करून घ्या, दोन्ही ब्रेक हळूहळू, पुढचा एकटा कधीच नाही. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, खडीवर घसरत नाही. जास्तीचे ट्यूब दोन तरी घ्या, बाभळीचे काटे सोडत नाहीत, पंप विसरू नका. आणि गाडीच्या मागे कॅरिअर लावलात तर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकू देऊ नका, एक मोठी आणि दोन लहान सायकली लावायच्या असतील तर छतावरचं कॅरिअर बघा, तुमची स्वतःची चौथी धरली नाहीये हे कळलंय ना :)

घोडबंदरकरीण
माझी? मी सासऱ्यांच्या गाडीत पुढे बसून इतिहास ऐकणार आहे, कोणीतरी ऐकायला नको का.