गाडीची साधी सर्व्हिसिंग घरी करावी की मेकॅनिककडे द्यावी?

म्हसरूळकर
पावसाळा संपला की नाशकातली गॅरेजं भरतात, म्हणून हा विषय काढतोय. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपर ब्लेड आणि बॅटरीच्या टोकांची सफाई एवढी कामं ज्याची त्याने घरी करावीत, असं माझं ठाम मत आहे. लेबर वाचतं, पण मोठा फायदा वेगळाच आहे. इंजिनात काय गेलं आणि किती गेलं, हे पक्कं माहीत असतं. छोट्या पेट्रोल गाडीला फिल्टरसकट साधारण ३ ते ४ लिटर ऑइल लागतं. नेमका आकडा आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये छापलेली असते. ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतलं, तर थंडीत सकाळी तेल वरपर्यंत चढायला वेळ लागतो आणि अ‍ॅव्हरेजही पडतं. बॅरलमधून सुटं ओतलेलं तेल कोणत्या ग्रेडचं, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो.

पद्धत अशी. इंजिन पाचेक मिनिटं चालवून कोमट करा. वरचं झाकण सैल करा, ड्रेन बोल्ट (तेल काढायचा, इंजिनाच्या तळाचा) सोडा आणि पंधरा मिनिटं निथळू द्या. बोल्टचा वॉशर दर वेळी नवाच टाका. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे पाऊण फेरा द्या. तिथे पाना लावायचा नाही. मग ठरल्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, एक मिनिट इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि सपाट जागी डिपस्टिक बघत उरलेलं घाला.

अंबड लिंक रोड
पद्धत बरोबर आहे, पण गाडीखाली शिरायचं कसं, ते राहिलं. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात आणि पाणी वाहून जायला थोडा उतारही असतो. जॅकचा पाया चिंचोळा, ब्लॉक खचला की जॅक कलंडतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. दोन मजबूत स्टँड, मागच्या चाकांना दगड आणि हँडब्रेक, एवढं असल्याशिवाय विषयच काढू नका.

दुसरं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचे) आटे. हाताला जोर आहे म्हणून बोल्ट करकचून आवळला की आटे जातात. मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा नाहीतर चेंबर बदला. वाचवलेलं लेबर कुठल्या कुठे जातं.

आणि गाडी लिफ्टवर चढली की जाणत्या माणसाला बरंच काही दिसतं: चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा फाटलेला रबरी बूट, सस्पेन्शनची ढिली लिंक रॉड, आतल्या कडेने झिजलेला टायर. घरी ऑइल बदलणाऱ्याची नजर ड्रेन बोल्टवरच असते.

सातपूरचा पाना
लिफ्टचा मुद्दा मान्य. पण आट्यांची भीती जरा जास्तच घातली जातेय. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना टॉर्क पाना (ठरलेल्या जोराला कट्ट वाजणारा) नवा नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांचा ड्रेन बोल्ट ३०-४० न्यूटन-मीटरच्या आसपास बसतो. आपल्या गाडीचा आकडा बघा, पाना लावा, कट्ट झालं की थांबा.

त्याहून जास्त होणारी चूक वेगळीच आहे. जुना फिल्टर काढताना त्याचं रबर कधी कधी इंजिनलाच चिकटून राहतं. त्यावर नवा फिल्टर बसला की दोन रबरं होतात, सील धरत नाही आणि दाब आला की वरचं रबर सटकून ऑइल बाहेर फवारतं. म्हणून जुना फिल्टर उलटा करून रबर त्यालाच आहे का, ते बघा. इंजिनची बैठक फडक्याने पुसून बोट फिरवा. गॅरेजमधला घाईतला पोऱ्याही हीच चूक करतो.

वॉरंटीबद्दल दोन्हीकडून चुकीचं सांगितलं जातं: ‘बाहेर हात लागला की वॉरंटी गेली’ आणि ‘घरी काहीही करा, चालतं’. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना दंड केला होता. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती मिळू न देणं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. पण त्यावरून घरच्या सर्व्हिसिंगला मोकळीक मिळाली असं धरू नका. वॉरंटीतल्या गाडीची ठरलेली सर्व्हिस चुकवू नका. क्लेमच्या वेळी नोंदीच बघतात.

घाटदेवी
ऑइलवर वाद घाला, ब्रेकला मात्र हात लावू नका. कसारा घाट उतरताना किंवा वणीच्या गडावरून खाली येताना ब्रेक सतत तापतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरलेलं १५५ च्या आसपासच. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि हवा नीट काढायची. एबीएसच्या (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत आत हवा अडकली तर कधी कधी स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. हे घरचं काम नाही.

म्हसरूळकर
ब्रेक ऑइलचं पटलं, ते मी माझ्या यादीत धरलंच नव्हतं. पण पॅड बघायला काय हरकत आहे? चाक काढलं की कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) खिडकीतून जाडी दिसते. ३ मिलिमीटरच्या आत आली की गॅरेज गाठा. स्वतः बघितलेलं असलं की ‘पॅड गेलेत’ हे कुणी सांगितलं तरी पडताळता येतं.

अंबड लिंक रोड
बघा जरूर, आतल्या बाजूचा पॅडही बघा, तोच बऱ्याचदा आधी झिजतो.

शेवटचा सवाल: काढलेल्या काळ्या तेलाचं काय करता? पावसाळी नाल्यात ओतलेलं नासर्डीत जातं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. जुनं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून ते अधिकृत री-रिफायनरला (जुनं तेल परत शुद्ध करणाऱ्याला) जुनं ऑइल देणाऱ्या गॅरेजला द्या. देण्याआधी विचारून घ्या. त्यात कुलंट, ब्रेक ऑइल किंवा रॉकेल मिसळू नका, भेसळ झालेलं तेल परत शुद्ध करणं अवघड होतं. हे करायची तयारी नसेल, तर ड्रेन बोल्टला पाना लावूच नका.

म्हसरूळकर
मान्य. पद्धतीत ही पायरी आधीच लिहायला हवी होती. फिल्टरमध्येही बरंच ऑइल उरतं. तो रात्रभर कॅनवर उलटा ठेवून निथळवा.