[मंडळ-यादी] तातडीचं: रविवारच्या बैठकीत तो नोंदी घेणारा बॉट परत नको

प्रेषक: सचिव (सध्या मुक्काम राळेगाव तालुका)
गुरुवार

नमस्कार मंडळी,

गावातल्या बायांसोबतची रविवारची झूम बैठक ठरल्याप्रमाणे भारतात रात्री ८ ला, म्हणजे कॅलिफोर्नियावाल्यांची सकाळ ६.३०, टोरांटोची ९.३०. त्याआधी एक गोष्ट मिटवायचीच आहे.

मागच्या बैठकीत कोणाच्या तरी कॅलेंडरवरून तो एआय बॉट आत आला, तासभर बसला आणि बैठक संपल्यावर दहा मिनिटांत आमंत्रणातल्या सगळ्या ४३ पत्त्यांवर गोषवारा पोहोचला. त्या ४३ मध्ये कृषी केंद्रवाले काकाही आहेत. बियाण्यांच्या बैठकीला आपणच त्यांना जोडलं होतं, नंतर नाव काढायचं राहिलं. ज्या ताई उधारीबद्दल बोलल्या त्यांची उधारी त्याच दुकानात आहे. गोषवाऱ्यात त्यांचं नाव, रक्कम, आणि खाली ‘पुढची कामं’ या मथळ्याखाली एक ओळ: पहिल्या वेचणीच्या पैशातून दुकानाची परतफेड, जबाबदारी या ताईंची.

त्या असं बोलल्याच नव्हत्या. मी शेजारीच बसले होते. त्यांचे शब्द होते, “दुकानदार म्हन्ते, पयल्या येचणीचे पैसे मलेच दे.” दुकानदाराचं म्हणणं यंत्रानं त्यांच्या तोंडी घातलं आणि ते दुकानदाराच्याच हातात दिलं. परवा ते काका त्यांच्या अंगणात येऊन “तुम्हीच कबूल केलं ना” म्हणून गेले.

बॉट कोणाचा होता ते कळवा, रागावणार नाही. यादीवर त्या ताईंचं नाव कोणीही लिहू नका.

---

प्रेषक: तांत्रिक समिती, टोरांटो
गुरुवार

ताई, वाईट वाटलं वाचून. उपाय अवघड नाही. झूमच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी चालू करतो: वेटिंग रूम, आणि साइन इन केलेल्यांनाच प्रवेश. असे बरेच बॉट पाहुणे म्हणून, खात्याशिवाय येतात, ते दुसऱ्या अटीलाच अडतात. शिवाय सगळे आले की ८.१५ ला मीटिंग लॉक करू. चुकून कोणी घुसलाच तर होस्टनं यादीतून काढायचा. एकदा काढलेला त्याच बैठकीत परत येऊ शकत नाही, ते सेटिंग मुळातच तसं असतं, कोणी बदललं नसेल तर.

आज रात्री करून टाकतो.

---

प्रेषक: गुरुजी
शुक्रवार

> साइन इन केलेल्यांनाच प्रवेश

थांबा भाऊ, आज रात्री काही करू नका.

असं कराल तं आमच्या गावातून एकही बाई आत येणार नाई. अकरा जणींपैकी तिघींकडे सोताचा फोन आहे. बाकीच्या पोराच्या नाई तं दिराच्या फोनवरून येतात. झूमचं खातं एकीचंही नाई. लिंक दाबली का नाव विचारते, आन् पोट्ट्यानं आधी जे टाकून ठेवलं असन तेच जाते. मागच्या खेपेले कोणाचं नाव ‘रेडमी’ होतं, कोणाचं ‘गॅलेक्सी’, एक ‘किंग ००७’ होता. तो किंग म्हंजे मारोतीच्या देवळामागच्या काकू. वेटिंग रूममधी ‘किंग’ दिसला तं तुमी टोरांटोत बसून कसं ओळखान? उलट बॉटाचं नाव कसं नीटनेटकं रायते, कोणाचं तरी नाव आन् पुढं ‘नोट्स’. तुमी त्यालेच आत घेसान आन् काकूले बाहेर ठेवसान.

दुसरं, ते लॉक. लाइन गेली का इथं टॉवर बसते. शेताकडल्या वस्तीत एकच दांडी रायते. मागच्या बैठकीत मी चार वेळा बाहेर पडलो, चार वेळा परत आलो. लॉक असतं तं पयल्या वेळेसच बाहेर राह्यलो असतो.

आन् या बायांसाठीच बैठक आहे ना?

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार

दोन्ही बाजू पटतात. पण एक विचारतो: नोंदी कोणी तरी घ्यायलाच हव्यात ना? गेल्या दोन बैठकांचं इतिवृत्त अजून आलेलं नाही. मला पहाटे उठणं दर वेळी जमत नाही, तो गोषवारा वाचला म्हणून मला निदान शिलाई मशीनच्या निधीचं काय ठरलं ते कळलं. बॉट वाईट नाही, तो सगळ्यांना मेल करतो ते वाईट आहे. ते एक बटण बंद केलं, गोषवारा फक्त कार्यकारिणीला गेला, तर चालणार नाही का?

---

प्रेषक: सचिव
शुक्रवार

इतिवृत्त लिहिणं हे सचिवाचं काम आहे आणि ते मी करते. गेल्या दोन बैठकांचं वहीत लिहिलेलं आहे, टंकलेखन राहिलंय, वेचणीच्या दिवसांत घरी माणूस नाही म्हणून. सोमवारी पाठवते. पण ते यंत्राकडे देण्याचा निर्णय कार्यकारिणीत झालेला नाही.

---

प्रेषक: वरुडच्या काकू
शुक्रवार

खजिनदार, तुमचं बटणाचं मला पटलं नाही.

माझी आई वरुडला बचत गटात होती. दर महिन्याला गटाची बैठक आमच्या ओसरीवर व्हायची. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही असायची. त्या काळी गटात लिहिता येणाऱ्या दोघीच होत्या. बैठक झाली की जिनं लिहिलं ती उभी राहून सगळं मोठ्यानं वाचायची. अमकीनं इतके भरले, तमकीला इतकं कर्ज मंजूर, हप्ता इतका. एकदा एका बाईनं वाचताना अडवलं, “मी हो म्हटलं नवतं, मी म्हटलं घरी विचारतो.” लगेच ओळ खोडून वर नवीन लिहिली, आणि खोडल्याच्या शेजारी तिचा अंगठा घेतला. सगळं वाचून झाल्याशिवाय सह्या-अंगठे नाहीत. मी तेव्हा सातवीत असेन, पण तो जांभळ्या शाईचा डबा डोळ्यासमोर आहे.

त्या ताईंना कोणी वाचून दाखवलं का? इंग्रजीत आलेला गोषवारा त्यांना वाचता तरी आला असता का? कार्यकारिणीपुरता पाठवला तरी चूक ती चूकच राहिली असती, फक्त आपल्याला कळली नसती आणि आपण तीच खरी धरून चाललो असतो.

---

प्रेषक: अकोटवाले भाऊ (फ्रीमाँट)
शुक्रवार

तो बॉट माझा होता.

ऑफिसच्या कामासाठी घेतला होता. सुरुवातीला कॅलेंडर जोडायची परवानगी मागतो, मी दिली. मग कॅलेंडरमध्ये जिथे जिथे बैठकीची लिंक दिसेल तिथे तो आपोआप जातो, हे सेटिंग चालूच होतं, मी पाहिलं नाही. त्या दिवशी मी विमानात होतो, बैठकीला आलोच नाही. तो माझ्याशिवाय गेला. म्हणून मला पत्ताही लागला नाही. ताई, मनापासून माफी मागतो.

आज हे केलं: त्या सेवेतून ध्वनिमुद्रण आणि लेखी प्रत दोन्ही पुसली, खातं बंद केलं. गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ भागात जाऊन त्यांना दिलेली कॅलेंडरची परवानगी काढली. हे दोन्ही करावं लागतं. नुसती परवानगी काढली तर साठवलेलं तिथेच राहतं. नुसता बैठकीतून हाकलला तर पुढच्या रविवारी परत येतो, कारण कॅलेंडर त्याला दिसतच असतं. ज्यांनी ज्यांनी असं काही वापरलंय त्यांनी आजच तपासा.

गोषवाऱ्याच्या मेलचा मजकूर मात्र ४३ जणांकडे आहेच, तो मला परत घेता येत नाही. कृपया तुमच्याकडून पुसा. कृषी केंद्रवाल्या काकांना मी स्वतः फोन करून सांगू का?

---

प्रेषक: सॅन होजेच्या वहिनी
शुक्रवार

भाऊ, तुम्ही पुढे येऊन सांगितलंत हे मोठं केलंत. पण सगळ्यांच्या माहितीसाठी: आपल्याकडे कॅलिफोर्नियात खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय ध्वनिमुद्रित करणं हा गुन्हा आहे. भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्याचा पाया संमती हाच आहे. मंडळानं एक लेखी नियम करावा.

आणखी एक. आता काही अ‍ॅप बॉट पाठवतच नाहीत, लॅपटॉपमधला आवाज तिथल्या तिथे ऐकून लिहून घेतात. यादीत कोणीच जास्तीचं दिसत नाही. वेटिंग रूमनं ते थांबणार नाही. त्यासाठी प्रत्येकानं सुरुवातीला तोंडी सांगायला हवं की मी काही चालू ठेवलेलं नाही.

---

प्रेषक: गुरुजी
शनिवार

कायदा असू द्या वहिनी, नियमही करा. पण बाई एकदा गप बसली का कायद्यानं बोलत नाई. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी, मजूर गेले. त्याच्या नंतर किती माणसं कागद घेऊन आले, किती जणांनी विचारलं. बायांनी तवाच शिकून घेतलं का कोणापुढं किती बोलायचं. तुमच्या बैठकीत त्या बोलायले लागल्या त्याले दीड वर्ष लागलं.

अकोटवाले भाऊ, दुकानात फोन करू नका. परदेशातून फोन आला म्हंजे त्यांना वाटन प्रकरण मोठं आहे. मी संध्याकाळी जाऊन बसतो त्यांच्यापाशी. माझे विद्यार्थी आहेत ते.

---

प्रेषक: तांत्रिक समिती, टोरांटो
शनिवार

गुरुजी, तुमची मेल वाचून आधीचं सगळं रद्द केलं. साइन इनची अट नाही, लॉक नाही. त्याऐवजी असं:

कॅलेंडरच्या आमंत्रणात फक्त वेळ राहील, लिंक नाही. लिंक नसली की बॉटाला जायला दारच सापडत नाही. दर वेळी तीच जुनी लिंक वापरत होतो तेही बंद, या वेळी नवीन बैठक-क्रमांक. लिंक पावणेआठला व्हॉट्सअ‍ॅपवर: परदेशातल्यांना मी पाठवेन, गावातल्यांना गुरुजी. वेटिंग रूम चालू, पण आत घ्यायचं काम मी एकटा करणार नाही. गुरुजींना सहहोस्ट करतो. ‘किंग ००७’ कोण ते त्यांना माहीत आहे. लाइन जाऊन कोणी बाहेर पडलं तर परत तेच घेतील. गुरुजींचीच लाइन गेली तर ताई तिथे शेजारी आहेत, त्या दुसऱ्या फोनवरून मला नावं सांगतील.

४३ पत्त्यांची यादीही मला द्या, मी छाटतो.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती
शनिवार

> गुरुजींना सहहोस्ट करतो

होस्टची चावी कार्यक्रम समितीकडे असते, मागच्या वर्षी गणेशोत्सवाच्या वेळी हे ठरलं आहे. गुरुजींबद्दल आक्षेप नाही, पण आधी विचारायला हवं होतं. आणि पत्त्यांची यादी आमच्याकडेच आहे, आम्हीच छाटू. कृषी केंद्र आणि आणखी सहा जुने पत्ते आत्ताच काढले.

---

प्रेषक: सचिव
शनिवार

चावीचं आपण पुढच्या कार्यकारिणीत बोलू. उद्या गुरुजीच सहहोस्ट. यादी छाटलीत, आभार.

---

प्रेषक: सचिव
सोमवार

कालचं कळवते. दहा फोन आले, एक लाइनमुळे शेवटपर्यंत आलाच नाही. सुरुवातीला प्रत्येकानं नाव आणि गाव तोंडानं सांगितलं, परदेशातल्यांनी वहिनी म्हणाल्या तसं काही चालू नाही हेही सांगितलं. पाच मिनिटं जास्त गेली. ८.२० ला वेटिंग रूममध्ये एक ‘नोट्स’ नावाचं आलं होतं. आपल्याच एका सदस्याचं, त्यांनी लिंक स्वतःच कॅलेंडरमध्ये चिकटवली होती. गुरुजींनी आत घेतलं नाही. त्या सदस्यांनी परवानगी काढली आहे.

इतिवृत्त मी वहीत लिहिलं आणि शेवटी वाचून दाखवलं. दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या गेल्या, त्या केल्या. खजिनदार, तिन्ही बैठकांचं आज रात्री टंकून पाठवते.

त्या ताई दिसल्या नाहीत.

---

प्रेषक: गुरुजी
सोमवार

त्या आल्या होत्या ताई. किंग ००७ च्या मागं बसून होत्या, फोनमधी येत नवत्या. काकूनं मले मंग सांगितलं. बोलल्या नाईत, पण तुमी वही वाचली तवा उठून जवळ आल्या होत्या म्हणे.

दुकानदारासोबत बोलणं झालं. तो कागद मी त्यांच्या फोनवरून त्यांच्याच हातानं पुसून घेतला. उधारीचं जे काय आहे ते वेचणी झाल्यावर दोघं समोरासमोर बसून करतीन.

पुढच्या रविवारी बियाण्याचाच विषय ठेवा. आन् वहीत त्या ताईंची जी जुनी ओळ आहे ते टंकायच्या आधी मले फोन करा, त्यांनी काही तरी बदलून सांगितलं आहे.