तात्पुरता युद्धविराम नेमका कोणाच्या पथ्यावर पडतो?

धारूरकर: कुठंही युद्धविराम झाला की एकच पालुपद ऐकू येतं, हरणाऱ्याला दम खायला सवड मिळाली. मला पटत नाही. घरचाच दाखला घ्या. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत सरकारचा वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. तो युद्धविराम नव्हे, मान्य, पण लढाई पुढं ढकलणंच ते. फावलं दिल्लीचं. फौज काश्मीरात गुंतलेली, तिला वेळच हवा होता. निजामाला ना बंदर, ना मोकळी सरहद्द.

नळदुर्गी: वा! सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून शस्त्रं आणत होता ते विसरलात? सिकंदराबादेतली भारतीय फौज करारापायीच निघून गेली. निजामाकडून पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज दिलं गेलं. निजामाच्या बाजूनं हत्यार उचललेल्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी (लातूरचाच वकील, काय बोलावं!) मोकाट सुटला. ह्याला दिल्लीचा फायदा म्हणायचं?

धारूरकर: विमानानं बंदुका येतात दादा, रणगाडे नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज शिरली, तुमचं नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं, १७ ला खेळ खलास. मिळालेल्या वेळाचं निजामानं केलं काय?

गोदाकाठ: तुमचं दोघांचं दिल्ली-हैदराबाद चाललंय. मे १९४८ मध्ये बिदरकडच्या गोरट्यात रझाकारांनी माणसं कापली, तेव्हा करार चालूच होता ना? आमच्या पणजीनं ज्वारीचं पेव मातीनं बुजवलं, तांब्याची भांडी आडात सोडली आणि लेकरं घेऊन रातोरात इंग्रजी मुलुख गाठला. तिकडं तेव्हा इंग्रज नव्हते, पण घरात अजून तसंच म्हणतात. फायदा कोणाचा ते तुम्ही ठरवा, भुर्दंड कोणाला ते आम्हाला ठाऊक आहे.

उदगीरचा मास्तर: गोदाकाठ, तुमचं खरं, पण मूळ प्रश्न उरतोच. ११ जून १९४८ ला अरब-इस्रायल लढाई चार आठवडे थांबली. शस्त्रबंदी दोघांवर होती. तरी इस्रायलनं चेकोस्लोव्हाकियातून माल आणलाच, अरबांची ब्रिटिश रसद मात्र आटली. ज्याची रसद चालू, विराम त्याचा. धारूरकरांना माझं मत.

नळदुर्गी: मास्तर, मग श्रीलंकेचं सांगा. २००२ च्या युद्धविरामात वाघांची, म्हणजे 'एलटीटीई'च्या तमिळ बंडखोरांची, जहाजं येत होती. पण लढाई थांबली आणि घरातच धुसफूस सुरू झाली. २००४ मध्ये त्यांचा सेनानी करुणा पूर्वेकडची माणसं घेऊन फुटला. २००९ ला वाघ संपले. रसद काय कामाला आली?

उदगीरचा मास्तर: फूट विरामामुळं पडली हे कशावरून? ते आधी दाखवा.