दोरी दिसली तरी घाबरलात का? जुन्या, स्वस्तातल्या भयपटांचे अनुभव लिहा

डिचोलीकर

यंदा चवथीला गावच्या घरात आम्ही सतरा-अठरा माणसं. तिसऱ्या रात्री आरत्या झाल्या, पत्ते खेळून कंटाळा आला, बाहेर धो धो पाऊस. चुलतभावाने प्रोजेक्टर आणला होता. सोप्यावरच्या भिंतीला चादर ठोकली आणि माझ्या आग्रहाखातर 'हाऊस ऑन हॉन्टेड हिल' लावला. १९५९चा, कृष्णधवल, जेमतेम सव्वा तासाचा. दिग्दर्शक विल्यम कॅसल, मुख्य भूमिकेत व्हिन्सेंट प्राइस.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. एक श्रीमंत, खवचट माणूस बायकोच्या नावाने पार्टी देतो. एकमेकांना न ओळखणारे पाच पाहुणे. रात्रभर त्या झपाटलेल्या घरात टिकेल त्याला दहा हजार डॉलर. मध्यरात्री दारं बंद, फोन नाही, आणि प्रत्येकाला भेट म्हणून छोट्या शवपेटीत ठेवलेलं पिस्तूल. तळघरात ॲसिडची टाकी. नवरा-बायकोचं एकमेकांशी जे बोलणं आहे ते भुतांपेक्षा जास्त बोचतं.

आजी खुर्चीवर, तिच्या कानाशी भाची कोकणीतून सगळं सांगतेय. पोरं पहिल्यापासून हसत होती. 'तो बघ प्लास्टिकचा सांगाडा, ती बघ दोरी!' आणि नेमका तो सांगाडा टाकीतून वर आला आणि लाइट गेली. प्रोजेक्टर बंद. पण लॅपटॉप बॅटरीवर, स्पीकरही बॅटरीवर. म्हणजे चित्र गेलं आणि आवाज चालूच! मिट्ट काळोखात तो मेलेला नवरा बायकोशी बोलतोय, ती किंचाळतेय. तेवढ्यात गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या माटोळीचं एक आंबाडं सुटून टप्पकन जमिनीवर पडलं.

सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं? दोरी दाखवणारा तोच पुतण्या.

तेव्हापासून डोक्यात आहे, खोटं आहे हे दिसत असताना माणूस घाबरतो तो कशाला? तुमचे अनुभव लिहा. हाच सिनेमा हवा असं नाही, कुठलाही जुना, कमी पैशातला चालेल. रहस्य बिनधास्त फोडा, साठ वर्षं उलटून गेली.

म्हापशेकर

आमच्याकडे मामा कुवेतहून व्हीसीआर घेऊन आला तेव्हा वाड्यावरचे सगळे आमच्या घरी. पहिली कॅसेट 'पुराना मंदिर', तुलसी आणि श्याम रामसेंचा, १९८४चा. त्यातला सामरी, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, नुसता उभा राहिला तरी पुरे. मध्येच जगदीपचा विनोदी भाग यायचा, तेव्हा बायका चहा ठेवायला उठायच्या. रात्री मागच्या अंगणात लघवीला जायचं तर तिघे तिघे मिळून. तुमचा कॅसलवाला नंतर यूट्यूबवर पाहिला. गोड वाटला. भीती वगैरे काही नाही.

फोंड्याचा फटकळ

मी सरळ सांगतो, मला तो सिनेमा बिलकूल आवडला नाही. अर्धा वेळ माणसं हातात ग्लास घेऊन उभी आणि बोलतात. पाहुण्यांतली ती नोरा दर दहा मिनिटांनी किंचाळते, दर वेळी बाकीचे म्हणतात तुला भास झाला. हिच्या सामानाच्या पेटीत कापलेलं मुंडकं सापडतं, तरी हिला एकटीला खोलीत सोडून सगळे निघून जातात! आणि यजमानाच्या बायकोचा तो कट: हिला इतकं घाबरवायचं की ती पिस्तुलाने यजमानाला मारेल. यापेक्षा लांबचा रस्ता नव्हता का? एवढं डोकं आमच्या गावात कुणी जमिनीच्या भांडणातही चालवत नाही.

म्हातारी सरकत येते तो प्रसंग तेवढा मानतो. त्याला चहा सांडला.

माहेर पेडणे

@फटकळ, तो सरकण्याचा प्रसंग म्हणजेच सिनेमा हो! नोरा तळघरात अंधारात चाचपडतेय, वळते तर ती पांढऱ्या केसांची बाई बोटं वाकडी करून शेजारी. आणि जाते ती चालत नाही, पाय न हलवता सरकते. चाकांच्या फळीवर उभी केली असणार हे मलाही कळतं. कळून काय उपयोग?

आमच्या पेडण्यात दशावतारी काल्याला संकासूर यायचा. काळा बुरखा, लाल लोंबती जीभ. आत कोण आहे ते आम्हां पोरांना ठाऊक असायचं, दुपारी त्याच्याच दुकानातून आम्ही शेव-चिवडा घेतलेला. तो मंडपात शिरला की तरीही मी आईच्या पदरात. एकदा त्याने बुरख्याआडून माझं नाव घेऊन हाक मारली, 'गे, सुटे पैसे उरलेत तुझे.' सगळे हसले. मला ताप भरला.

चिरेबंदी

मी घरं बांधतो, त्यामुळे माझा जीव दुसरीकडेच अडकला. बाहेरून जे घर दिसतं ते लॉस एंजेलिसचं एनिस हाऊस, फ्रँक लॉइड राइटने १९२४ मध्ये बांधलेलं. नक्षीदार काँक्रीटचे ठोकळे, माया संस्कृतीच्या देवळांची आठवण करून देणारे. आत शिरलं की एकदम जुन्या थाटाच्या खोल्या, झुंबर, पडदे. बाहेरचं घर आणि आतलं घर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही! पैसे वाचवायला आतलं सगळं स्टुडिओत उभारलं, हे उघड आहे.

पण मला तर त्याचीच भीती वाटली. कुठला जिना कुठे उतरतो हे शेवटपर्यंत कळत नाही. आपल्याकडच्या जुन्या घरात राजांगण असतं, चारी बाजूच्या खोल्या तिथून दिसतात, कोण कुठे गेलं ते कळतं. एकदा साखळीजवळच्या एका पडक्या घराचं माप घ्यायला गेलो होतो. बाहेरची लांबी आणि आतल्या खोल्यांची बेरीज जुळेना, दोन मीटरचा फरक. मजूर म्हणाले, सायेब, पुरे आज. दुसऱ्या दिवशी कळलं, मध्ये भाताची जुनी कोठी होती, बाहेरून भिंत घालून बुजवलेली. आत उंदरांच्या लेंड्यांशिवाय काही नव्हतं. पण ती एक रात्र मी नीट झोपलो नाही हे खरं.

रात्रपाळी

वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे, म्हणून ॲसिडवर बोलायचा हक्क माझा. आमच्याकडे हायड्रोक्लोरिकच्या ड्रमचं झाकण सैल झालं तरी घसा धरतो. इथे पाहुणे टाकीच्या काठावर बिनमास्क गप्पा मारतात. मेलेला उंदीर टाकला की क्षणात स्वच्छ हाडं वर! अहो, ॲसिड हाडालाही सोडत नाही. कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवून बघा, रबरासारखं वाकतं. सांगाडा टाकीतून उठायचा प्रश्नच नाही.

हे सगळं मी पहाटे तीनला कँटीनमध्ये मोबाइलवर बघताना सहकाऱ्याला समजावत होते. मग राउंडला गेले. टाक्यांच्या रांगेतून रोज एकटी जाते. त्या दिवशी त्याला म्हटलं, चल रे जरा सोबत.

पडद्यामागचा

सगळे दोरीची चेष्टा करताय म्हणून लिहितो. मी तीस वर्षं जत्रेच्या नाटकांना पडदा आणि दोऱ्या ओढतो.

एका वर्षी आमच्या नाटकात भूत वरून उतरायचं होतं. कप्पी बांधली, नायलॉनची दोरी काजळीने काळी केली. मागून स्पॉट पडला आणि दोरी चांदीच्या तारेसारखी चमकली. पुढच्या रांगेतली पोरं, 'दोरी! दोरी!' त्यात कप्पी अडकली. भूत जमिनीपासून चार हात वर, गरगर फिरतंय. मी घामाघूम. लोक पोट धरून हसताहेत. नटाने काय करावं? त्याने हातपाय झाडणं सोडून दिलं. मान खाली टाकली आणि तसाच लोंबकळत राहिला. ना संवाद, ना हालचाल. अर्ध्या मिनिटात हसणं विरलं. मग एक बाई मागून हळूच म्हणाली, 'अरे, बरा आहे ना तो?' तेवढा सन्नाटा मी मंडपात कधी अनुभवला नाही. (बरा होता. खाली उतरल्यावर मला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाहीत.)

आता सिनेमाकडे. शेवट आठवा. बायकोला टाकीत ढकलल्यावर तो व्हिन्सेंट प्राइस अंधारातून पुढे येतो तेव्हा त्याच्या अंगावर काय असतं? कप्प्या आणि दोऱ्यांचं जू. सांगाडा तोच नाचवत होता! म्हणजे तुमच्या पुतण्याला जी दोरी दिसली ती चूक नव्हतीच, रहस्याचं उत्तर होतं. बायकोने एकदा नीट वर बघितलं असतं तर वाचली असती. ती बघत नाही, आपण बघतो, हसतो आणि पुढे विसरतो. कॅसल बिलंदर माणूस. थिएटरात त्याच वेळी खराखुरा प्लास्टिकचा सांगाडा तारेवरून प्रेक्षकांच्या डोक्यावर सोडायचा, 'इमर्जो' असं भारदस्त नाव देऊन. पोरं त्याला खोकी फेकून मारायची म्हणे. मारणारच, आमच्याकडे असतं तर शहाळी पडली असती.

फोंड्याचा फटकळ

दोरीचा मुद्दा मान्य. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ती नोरा जरा कमी किंचाळली असती तर काही बिघडलं नसतं.

डिचोलीकर

@पडद्यामागचा, तुमचं लिहिणं पुतण्याला वाचून दाखवलं. म्हणाला, मग मी बरोबरच होतो ना? होतास रे बाबा.

आजीचं सांगायचं राहिलं. लाइट आल्यावर आम्ही शेवट पुन्हा लावला. भाचीने समजावलं, भूत नाहीच, सगळं माणसांनीच केलेलं. आजीला त्याचं काहीच विशेष वाटलं नाही, 'माणसांनीच करायचं, आणि कोण करणार?' एवढंच. दारू पिऊन 'भुतं येताहेत' म्हणणारा तो घरमालक शेवटी आपल्याकडे बघून बोलतो, त्याच्यावरही तिचा भरवसा बसला नाही. प्यायलेला माणूस, म्हणाली.

ती पानाचा डबा बंद करत उठली आणि दारात थांबून विचारलं, 'पूण ती कुड्डी खंय गेली?' म्हणजे, पण ती आंधळी कुठे गेली?

ती सरकणारी म्हातारी सिनेमात आंधळी आहे. राखणदाराची बायको. मध्यरात्रीच्या आधीच दोघं घर सोडून जातात आणि परत दिसत नाहीत. आजीचं म्हणणं, डोळसांनी काळोखाला भ्यावं हे ठीक, आंधळीला काळोख काय नि उजेड काय. ती कशाला घाबरून पळाली?

कुणाला सुचलं तर लिहा. आजी रोज विचारतेय.