मदत हवी आहे: दवाखान्यात बीपी १२६/८०, घरी १५०च्या वर. खरं कोणतं धरायचं?

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहिते आहे. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट येतात, म्हणून सगळं लिहिते.

यजमान ५३ वर्षांचे. मकरपुऱ्याला जीआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. शुगर नाही. पोट सुटलंय, तंबाखू आहे, दारू नाही. सासऱ्यांना ५८व्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. त्यांचंही बीपी 'एकदम नॉर्मल' आहे असंच आम्ही त्या दिवसापर्यंत सगळ्यांना सांगत होतो. त्यामुळे मला स्वस्थ बसवत नाही.

झालं असं की मे महिन्यात सासूबाईंसाठी बीपीचं मशीन आणलं. त्यांचं आलं १३२/७४. गंमत म्हणून यांनी हात पुढे केला, तर १५८/९८! मशीन बिघडलं म्हणून माझं घेतलं, ११८/७६. पुन्हा यांचं, १५४/९६. त्या दिवशी सेवउसळ खाऊन आले होते, त्यावर ढकललं आणि विषय संपवला.

पण मी गुपचूप वही घातली. सकाळी सहाला १५२/९४, झोपताना १४८/९२, दुसऱ्या दिवशी १५६/९६. एका रविवारी दुपारच्या झोपेनंतर मात्र १३४/८४. दोन आठवड्यांनी वही घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाऱ्याच्या यंत्रावर पाहिलं, १२६/८०. "बधुं बराबर छे." पुढच्या महिन्यात पुन्हा, १२२/७८. वही मी पुढे केली तर म्हणाले, घरच्या मशीनवर भरवसा ठेवू नका, बेन, टेन्शन नहीं लेवानुं.

तिसऱ्या वेळी मी मशीनच टॉवेलात गुंडाळून पिशवीतून घेऊन गेले. डॉक्टरांचं १२४/८०, आमचं त्याच खुर्चीत १२७/७९. म्हणजे मशीन बरोबर, डॉक्टरही बरोबर. मग चुकतंय कोण? हे लगेच म्हणाले, "चुकतेस तू. दवाखान्यात नॉर्मल, घरी वाढतं, आणि घरी तू असतेस." डॉक्टर हसले, कंपाउंडर हसला, मीही हसले. सुरसागरच्या वळणावर येईपर्यंत माझंच बीपी वाढलं असेल!

एक गोष्ट मात्र लक्षात आली. दवाखान्यात हे जातात सुटीच्या दिवशी, संध्याकाळी. नंबर लागेपर्यंत तासभर पंख्याखाली बाकावर बसतात, पेपर वाचतात. डॉक्टर लहानपणापासूनच्या ओळखीचे, त्यामुळे धास्ती शून्य. आणि तंबाखूची डबी स्कूटरच्या डिकीत राहते, कारण एकदा कंपाउंडरने झापलं होतं. घरी काय होतं? उठले, चहा झाला, तळहातावर चुना-तंबाखू चोळून बार भरला, की मग माझ्यापुढे हात. बोलणं चालूच, कालच्या पाळीत कोण आलं नाही वगैरे.

तर मला विचारायचंय ते असं. आराम करून येणारा आकडा खरा, की रोजच्या जगण्यातला? असं आणखी कोणाचं झालंय का? आणि डॉक्टर बदलायची माझी इच्छा नाही, माणूस चांगला आहे. पण त्यांना ही वही बघायला लावायची कशी?

प्रतिसाद

हे बरेच दिवस मनावर घेऊ नका. मशीन विकून टाका, रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या. आमच्या मावशींचं उतरलं.

प्रतिसाद (इंदूरहून)

ताई, मशीन विकू नका! मी डॉक्टर नाही, पण हृदयविकार विभागाच्या ओपीडीत टेक्निशियन आहे. चोवीस तासांचं बीपी मोजायचं यंत्र पेशंटच्या दंडाला आम्हीच बांधतो, त्यामुळे तुमच्या 'ह्यां'सारखी माणसं नेहमीची आहेत.

दवाखान्यात वाढतं आणि घरी उतरतं, ते पांढऱ्या कोटाचं बीपी सगळ्यांना ऐकून माहीत असतं. तुमच्याकडे त्याच्या उलट आहे. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे झाकलेलं बीपी. हे नाव न्यूयॉर्कमध्ये काम करणारे डॉ. थॉमस पिकरिंग यांनी २००२ साली रूढ केलं. दवाखान्यात १४०/९०च्या खाली, पण घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर, तर ते या खात्यात जातं. घरची पट्टी पाचने खाली का, तर घरी माणूस निवांत असतो असं धरलेलं आहे. तुमच्याकडे गणित उलटं चाललंय. आणि आकडा दवाखान्यात दिसला नाही म्हणून धोका कमी होत नाही. हृदय, मेंदू आणि किडनीला होणारा त्रास जवळपास उघड्या बीपीइतकाच धरतात.

तंबाखू, अपुरी झोप, पाळ्या, पोटाचा घेर हे सगळे याचे नेहमीचे सोबती. आणखी एक विचारते, राग मानू नका: साहेब घोरतात का? मध्येच श्वास थांबून दचकून उठतात का? तसं असेल तर रात्री बीपी उतरायला हवं ते उतरत नाही आणि सकाळी चढलेलंच सापडतं.

पण आधी तुमच्या मोजण्याबद्दल, कारण वहीत मला घोळ दिसतोय. तंबाखूनंतर लगेच मोजलेला आकडा त्या तंबाखूचाही असतो. चहा-तंबाखूआधी मोजा, निदान अर्धा तास तरी मध्ये जाऊ द्या. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प. मोजताना एक शब्द नाही (हे तुम्हा दोघांनाही). हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला, बाहीवरून नाही, उघड्या दंडावर. हात खाली लोंबत असला तरी आकडा वाढून येतो. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं घ्या, ज्याचं जास्त येईल तोच पुढे धरा.

आणि दंड टेपने मोजा. मशीनबरोबरचा नेहमीचा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंमी दंडासाठी असतो. जाड दंडाला छोटा पट्टा आवळला की बीपी खोटंच जास्त दिसतं.

सात दिवस सकाळी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. पहिला दिवस बाद, उरलेल्यांची सरासरी काढा. डॉक्टरांपुढे वही नका ठेवू, एका चिठ्ठीवर तो एक आकडा आणि मोजायची पद्धत लिहून द्या. गर्दीच्या वेळी वही कोण चाळणार? आणि सरळ विचारा, चोवीस तासांचं करून बघायचं का?

मूळ लेखिका

लसूणवाल्या भाऊंना: आमच्याकडे लसूण रोज असतो, तरी हे दीडशे.

इंदूरच्या ताई, पाया पडते. घोरणं विचारू नका, सासूबाई पलीकडच्या खोलीतून भिंतीवर थाप मारतात. ब्लाउजच्या टेपने दंड मोजला, ३५ सेंमी निघाला. पट्ट्यावर छापलेलंच होतं, २२–३२. इतके दिवस मी वाचलं नव्हतं. मोठा पट्टा आणते आणि सात दिवसांनी येते.

मूळ लेखिका, तीन आठवड्यांनी

कळवायचं राहिलं, माफ करा.

मोठ्या पट्ट्याने आकडा सहा-सात अंकांनी उतरला. हे जिंकल्यासारखे फिरत होते. मग सकाळी तंबाखूआधी, दोघं तोंड मिटून, सात दिवस केलं. पाच मिनिटं गप्प बसणं यांना तंबाखूपेक्षा जड गेलं. सरासरी १४३/९१. फिरणं थांबलं.

चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी तिथेच मोजलं, १२८/८०. मी काही बोलले नाही. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली, पट्टा कुठला वापरला ते विचारलं, आणि चोवीस तासांसाठी लिहून दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला "बेन, तमे साचा छो" म्हणाले, तेही यांच्यासमोर. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

यंत्र बांधून हे पहिल्या पाळीला गेले. दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री दर अर्ध्या तासाने पट्टा फुगायचा. फुगला की हात स्थिर ठेवायचा, आणि किती वाजता काय केलं ते कागदावर लिहायचं. कागदावर सव्वादहाला लिहिलंय "मशीन बंद पडलं, ओरडलो." (कारखान्यातलं मशीन, बीपीचं नाही.) त्याच्या पुढचा आकडा १६८. रात्री घुर्र आवाज झाला की हे जागे, मी जागी. रिपोर्ट: दिवसाची सरासरी १४५/९१, रात्रीची १२९/७९. दिवसा १३५/८५ आणि रात्री १२०/७० याच्या खाली असायला हवं होतं, असं डॉक्टरांनी पेनाने गोल करून दाखवलं.

ईसीजी झाला, ठीक आहे. किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन बघितलं, तेही हद्दीत. गोळी सुरू केली आहे, नाव लिहीत नाही, कोणी ते वाचून परस्पर आणायला नको. झोपेची तपासणी पुढच्या आठवड्यात. "घोरता का?" या प्रश्नाला यांनी नाही म्हणून सांगितलं, मी हो म्हणून. डॉक्टरांनी माझं उत्तर लिहून घेतलं. तंबाखू सुटलेली नाही, दोन बार कमी झालेत असं यांचं म्हणणं. डबी मी मोजत नाही, पण चुन्याची ट्यूब पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरतेय.

आता एकच अडलंय. पुढच्या सोमवारपासून पंधरा दिवस रात्रपाळी. सकाळी आठला घरी येऊन हे झोपतात, उठतात दुपारी तीनला. डॉक्टरांनी पुन्हा सात दिवसांची सरासरी मागितली आहे, गोळी सकाळी घ्यायला सांगितली आहे. मग यांची 'सकाळ' कोणती धरायची, आठची की तीनची? डॉक्टरांना शनिवारी विचारणारच आहे. पण पाळ्या करणाऱ्या कोणी किंवा त्यांच्या घरच्यांनी असं मोजलं असेल, तर वेळा कशा बसवल्या ते सांगा.