निवडीवर चालणाऱ्या कथाखेळासाठी कथाबीज कसे शोधावे?

कोरी_पाटी

नमस्कार. ट्वाइन हे मोफत साधन वापरून मला मराठीत एक कथाखेळ लिहायचा आहे. वाचकाने मोबाइलवर मजकूर वाचावा, प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन पर्यायांतून एक निवडावा आणि त्यानुसार कथा पुढे सरकावी, एवढीच त्याची मांडणी असेल. चित्रे, आवाज, गुण असे काही नको. एक डाव साधारण अर्ध्या तासात संपावा आणि तो पुन्हा खेळावासा वाटावा, अशी अपेक्षा आहे.

अडचण कथाबीजाची आहे. कोकणातील बंद वाडा, सह्याद्रीतील किल्ल्यावर वाट चुकलेली ट्रेकर मंडळी आणि गिरणी संपाच्या काळातील लालबागचे एक कुटुंब, अशा तीन कल्पना माझ्याकडे आहेत. पहिल्या दोन लिहायला घेतल्या की सगळे पर्याय ‘डावीकडच्या खोलीत जा’ किंवा ‘उजवीकडची वाट धरा’ याच जातीचे होतात. पुढे काय आहे हे वाचकाला ठाऊक नसल्यामुळे त्याची निवड म्हणजे नुसता छापा-काटा ठरतो. तिसरी कल्पना मला जवळची वाटते, परंतु 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या त्या संपाचे पुढे काय झाले हे बहुतेक मराठी वाचकांना माहीत आहे. शेवट असा आधीच ठरलेला असताना वाचकाच्या निवडीला अर्थ कसा यावा? या तिन्हींपेक्षा वेगळी बीजे कोणाला सुचत असतील, तर तीही वाचायला आवडतील.

ओव्हरसियर

तुमच्या पहिल्या दोन कल्पनांमध्ये जागा ठरलेली आहे, पण त्या जागेत वाचकाचे काम काय हे ठरलेले नाही. म्हणून पर्याय वाटा आणि खोल्या यांच्यापाशी अडतात. एखादे बीज सुचले की मी इतकेच तपासतो, की या माणसाला त्याच्या रोजच्या कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा निर्णय घ्यावे लागतात का, आणि प्रत्येक निर्णयात कोणाच्या तरी वाट्याचे काहीतरी कमी होते का. तसे असेल तर पर्याय वेगळे शोधावे लागत नाहीत.

1972 चा दुष्काळ घ्या. लागोपाठ पावसाने दगा दिल्यावर सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडण्याची कामे काढली, आणि मे 1973 मध्ये त्या कामांवरील मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. अशा एका कामावरचा हजेरी कारकून हा तुमचा नायक समजा. हजेरीपट त्याच्या हातात आहे आणि मजुरी मोजमापावर ठरते. फोडलेली खडी ब्रासच्या हिशेबाने, म्हणजे 100 घनफुटांचा एक ब्रास धरून, मोजायची असते. एका म्हातारीच्याने आता हातोडा उचलवत नाही. तिचे नाव जोमदार टोळीत घातले तर तिची चूल पेटते, पण त्या टोळीतील प्रत्येकाची मजुरी तेवढी घटते. गावच्या पाटलाचा मुलगा कामावर फिरकत नसतानाही त्याची हजेरी लागावी असा निरोप येतो, आणि मजुरांना प्यायचे पाणी त्याच पाटलाच्या विहिरीतून येत असते. आई तापाने फणफणली म्हणून तिच्या जागी दहा-अकरा वर्षांची मुलगी येऊन उभी राहते. सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचा कोरडा खाऊ, मोजूनच आलेली असते, आणि मजुरांसोबत आलेली पोरे त्या मोजणीत नसतात. यांपैकी एकाही प्रसंगी बरोबर उत्तर सापडत नाही, तरीही आपण काय करतो आहोत आणि कोणाचे नुकसान करतो आहोत याची वाचकाला पूर्ण जाणीव असते. आठवड्याअखेरीस साहेब मोजमाप तपासायला येतात, तेव्हा आधीच्या सगळ्या निवडींची वसुली होते.

याच कसोटीवर 1897 च्या पुण्यातील प्लेगचाही विचार करता येईल. घरझडतीसाठी शिपाई गल्लीच्या तोंडाशी आले असताना शेजारच्या घरात तापाने पडलेल्या मुलाबद्दल बोलायचे की गप्प राहायचे, हा प्रश्न एका वाड्यापुरताही पुरेसा आहे. तुमचा कोकणातील वाडा मात्र मी बाजूला ठेवीन. तिथे वाचक भुताशिवाय कोणाचेच काही देणे लागत नाही.

भोंगा

संपाची कल्पना सोडू नका. नायक तेवढा बदला. संपकरी कामगाराला मध्यभागी ठेवले, तर संप मागे घ्यायचा की ताणायचा, बोलणी कोणाशी करायची, हे मोठे निर्णय त्याच्या हाती नव्हतेच, आणि वाचक तेच निर्णय मागत राहील. त्याऐवजी लालबाग-परळच्या चाळीतील आपल्या खोलीतच खानावळ चालवणारी बाई घ्या.

अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले होते. त्यांतले कितीतरी जण कुटुंब गावी ठेवून मुंबईत गाळ्यांमध्ये राहत आणि महिन्याच्या बोलीवर अशा खानावळींत जेवत. पगार थांबला की जेवणाचे पैसे थांबतात, परंतु वाण्याचे आणि रॉकेलवाल्याचे देणे थांबत नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांची उधारी चालते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ताटात काय कमी करायचे हे ठरवावे लागते. एक खाणावळी, म्हणजे तिच्याकडे जेवणारा कामगार, गावी जाऊन तांदळाचे अर्धे पोते घेऊन येतो आणि ते उधारीत धरा म्हणतो. दुसरा काही न सांगता निघून जातो. तिसऱ्याचे देणे सर्वांत जास्त आहे, पण संपाच्या कमिटीची बातमी त्याच्याच तोंडून कळते. मग काही गिरण्या थोड्याफार चालू होतात, एक जण गुपचूप कामावर जाऊ लागतो आणि पहिल्या पगाराचे रोख पैसे आणून तिच्या हातावर ठेवतो. बाकीचे त्याच्या पंगतीला बसायला तयार नाहीत. ते पैसे घ्यायचे का? घेतले तर कोणाकोणाला सांगायचे? संपाचा शेवट वाचकाला ठाऊक आहे, पण या खोलीत शेवटी किती पाट मांडले जातील हे त्याला ठाऊक नाही, आणि खेळ त्यावरच उभा राहू शकतो.

एक पार्श्वभूमी अवश्य वापरा. प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट खुली झाली. तुमच्या नायिकेने असे कर्ज आधीच घेतलेले असेल, आणि त्या गटातील इतर जणींची पत तिच्या हप्त्यांशी जोडलेली असेल, तर उधारीचा प्रत्येक निर्णय तिच्या एकटीचा राहत नाही.

मुक्काम_सासवड

वरच्या दोन्ही सूचना मला पटतात, पण लिहायला बसण्यापूर्वी आकडेमोड करून घ्यावी. प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येक पर्यायाची कथा कायमची वेगळी केली, तर केवळ सहा टप्प्यांनंतर 64 शेवट आणि एकूण 127 परिच्छेद होतात. प्रत्येकी 150 शब्द धरले तर 19,050 शब्द लिहावे लागतात, आणि एका डावात वाचक त्यांतले सात परिच्छेद, म्हणजे 1,050 शब्दच पाहतो. दहा टप्पे केले तर शेवटच 1,024 होतात. याउलट दोन्ही पर्याय पुढच्या टप्प्यावर पुन्हा एकत्र आणले, तर सहा टप्प्यांचे काम 19 परिच्छेदांत होते आणि वाचक त्यांतले 13 वाचतो. एकट्या लेखकाला दुसराच मार्ग झेपतो, म्हणून बीज निवडतानाच त्यात असे एकत्र येणे स्वाभाविकपणे घडते का, हे पाहावे.

या दृष्टीने वारीइतके सोयीचे बीज मला दुसरे सुचत नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी मुक्काम करीत वाखरीवरून पंढरपुरास जाते. दिवसभर दिंडीतील माणसे मागे-पुढे झाली, कोणी ट्रकमध्ये बसले, कोणी कुठे थांबले, तरी संध्याकाळी सगळ्यांना मुक्कामाच्या तळावर यावेच लागते. लेखकाला फाटे गुंडाळण्यासाठी वेगळी युक्ती करावी लागत नाही.

वाचकाला दिंडीच्या सामानाची आणि स्वयंपाकाची व्यवस्था पाहणाऱ्याची भूमिका द्या. दिवे घाटाच्या पायथ्याशी एका वृद्ध वारकऱ्याचा गुडघा सुजला आहे आणि ट्रकमध्ये बसायला तो राजी नाही. पावसात काही राहुट्या भिजल्या आहेत आणि कोरड्या राहुट्यांत सगळे मावत नाहीत. वर्गणी न भरलेली दोन अनोळखी माणसे पंगतीला येऊन बसली आहेत. या सगळ्याचा हिशेब संध्याकाळच्या समाजआरतीत लागतो. चोपदार दंड उंचावतात, हजारो टाळ एकदम थांबतात, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणे ऐकून घेतात. हरवलेल्या माणसांची आणि वस्तूंची माहितीही तिथेच पुकारली जाते. प्रत्येक मुक्कामाच्या शेवटी वाचकाला टाळ थांबवायचा की वाजवीत राहायचा एवढी एकच निवड दिली, तरी तिचे वजन दिवसभराच्या घडामोडींवरून दर वेळी वेगळे असेल. सगळे मुक्काम लिहू नका, पाच-सहा पुरेत.

पूर्णविराम

ठरलेल्या शेवटाचे एवढे कौतुक मला धोक्याचे वाटते. फाटे पुन्हा एकत्र आणणे ही लेखकाची सोय आहे आणि वाचकाला ती दुसऱ्याच डावात दिसते. पाण्याची बाटली दिली काय आणि न दिली काय, पुढचा परिच्छेद शब्दशः तोच आला, की तो पर्याय वाचणेच सोडून देतो. त्यामुळे एकत्र येणाऱ्या प्रत्येक परिच्छेदात आधीच्या निवडीनुसार निदान दोन-तीन वाक्ये बदललीच पाहिजेत: पंगतीत कोण नाही, कोण बोलत नाही, वाण्याने हिशेबाची वही उघडली की नुसती पुढे सरकवली. ट्वाइनमध्ये हे अगदी सोप्या अटींनी करता येते, आणि यासाठी संपूर्ण नवी शाखा लिहावी लागत नाही.

शिवाय एखादी निवड तरी अशी हवी, की जिच्यानंतर परत फिरता येत नाही. खानावळीच्या कथेत खानावळच मध्यावर बंद पडण्याची शक्यता ठेवा, आणि तसे झाल्यास उरलेला खेळ त्याच बाईच्या दुसऱ्या कामातून, उदाहरणार्थ गावाकडच्या घरातून, पुढे न्या. हजेरी कारकुनाच्या कथेत मला हीच उणीव दिसते. तिथे साहेबांची तपासणी शेवटी असल्यामुळे तोवरच्या कोणत्याच निवडीची झळ वाचकाला लागत नाही.

कोरी_पाटी

सर्वांचे आभार. खानावळीची कल्पना घेण्याचे मी ठरवले आहे आणि महिना हा टप्पा मानून सात-आठ महिन्यांपुरतीच कथा ठेवणार आहे, म्हणजे संपाच्या शेवटापर्यंत जाण्याचे कारणच उरणार नाही. खाणावळी चारच असतील. एक शंका राहते. उधारी, वाण्याचे देणे आणि खाणावळ्यांचा विश्वास हे आकडे पडद्यावर दाखवावेत की लपवावेत? आणि वाचकाला संबोधावे कसे? ‘तुम्ही’ म्हटले तर मजकूर सरकारी पत्रासारखा वाटू लागतो.

अनुस्वार

पैशांचे आकडे दाखवा, कारण खानावळ चालवणाऱ्या बाईला ते तोंडपाठ असणारच. विश्वासाचा आकडा कधीही दाखवू नका. तो दिसला की वाचक माणसांशी वागणे सोडून आकडा वाढवायच्या मागे लागतो. विश्वास खाणावळ्यांच्या बोलण्यातून कळू द्या. ‘मावशी, आज लवकर येतो’ म्हणणारा ‘येतो’ एवढेच म्हणू लागला, की वाचकाला समजते.

संबोधनाबाबत मराठीत एक अडचण आहे, जी इंग्रजी कथाखेळांच्या लेखकांना येत नाही. ‘तू निघालास’ आणि ‘तू निघालीस’ यांत वाचकाचे लिंग आधीच ठरून जाते, म्हणून बरेच जण ‘तुम्ही निघालात’ वापरतात. त्यात क्रियापद निभावते, परंतु ‘एकटे’ की ‘एकट्या’ हा प्रश्न विशेषणांपाशी पुन्हा उभा राहतोच. तुमची नायिका ठरलेली असल्यामुळे यांतले काहीच करण्याची गरज नाही. कथन तिच्याच तोंडी, प्रथमपुरुषी ठेवा आणि पर्यायही तिच्या बोलण्यातच लिहा. ‘उधारी वाढवा’ आणि ‘उधारी नाकारा’ असे दोन आज्ञार्थी पर्याय देण्यापेक्षा ‘जेव आधी, पैशाचं मग बघू’ आणि ‘या महिन्याचे निम्मे तरी दे, बाबा’ ही दोन वाक्ये द्या. कथन प्रमाण मराठीत ठेवायचे असेल तर ठेवा, पण पर्यायांतली भाषा चाळीतलीच हवी, आणि खाणावळी कोकणातले, घाटावरचे असे वेगवेगळ्या मुलखांतले असतील तर प्रत्येकाशी बोलताना तिचा सूरही थोडा बदलू द्या. पहिला महिना लिहून झाला की इथे टाका, म्हणजे उधारीचा हिशेब कुठे जमत नाही हे खेळून पाहता येईल.